तात्यांच्या होडीचा नंबर

होड्या मोजायचं काम अंगावर घेणाऱ्याला दोन गोष्टी मिळतात, शिव्या आणि किस्से. शिव्या मी तिथल्या तिथं विसरलो. किस्से मात्र साठत गेले. आता चार मित्र चहाला जमले की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, त्या होड्यांचं सांगा की!" आणि मलाही तेच हवं असतं, खोटं कशाला बोलू?

मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. संस्थान विलीन झालं तेव्हा बोटहाऊसमधल्या शिडाच्या जुन्या होड्या लिलावात निघाल्या. गावातल्या पाच-सहा हौशी लोकांनी त्या घेतल्या आणि रंकाळ्यावर आमचा छोटासा बोट क्लब सुरू झाला. होड्या एकीसारखी दुसरी नाही. एक हलकी, एक जड, एक लांबुडकी. म्हणून शर्यतीत जड, संथ होडीला काही मिनिटांची सवलत द्यायची आणि तिच्या वेळेतनं तेवढी मिनिटं वजा करायची, असं ठरलं. कुणाला किती, हे मोजून मी सांगायचं. का, तर म्हणे मास्तरांना सरळ रेघ मारता येते! त्या दिवसापासनं माझं नाव पडलं मापाडी.

*

पहिल्याच शर्यतीला काठावर ही गर्दी! नाना वकिलांची होडी पहिली आली. लोकांनी टोप्या उडवल्या. मी घड्याळ बघितलं, सवलत वजा केली आणि भोंग्यावरनं तिसऱ्या आलेल्या होडीचं नाव जाहीर केलं.

झालं! तालमीतला एक आडदांड गडी बाह्या सारत पुढं आला. "ओ पावणं, पहिला आलेला हरतोय व्हय? कुठला न्याय म्हणायचा ह्यो?"

मी म्हटलं, "पैलवान, तुमच्यात हलक्याला जडाबरोबर जोड लावतात का?"

"छ्या! मरंल की त्यो!"

"मग आमच्यात जोड लावायला सारख्या होड्याच नाहीत. म्हणून मिनिटं देतो."

गड्यानं विचार केला. मग गर्दीकडं वळून ओरडला, "बरोबर हाय! मापाडी बरोबर बोलतोय!" माझा जीव भांड्यात पडला. जाता जाता मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पर एवढं डोकं लावण्यापरीस सरळ कुस्त्याच का घेत न्हाय तुमी?"

*

वकील गप्प बसणारे नव्हेत. जड होडीला सवलत जास्त, हे त्यांनी बरोबर हेरलं. आम्ही होड्या बैलगाडीत घालून गुळाच्या पेठेतल्या काट्यावर न्यायचो आणि गाडीचं वजन वजा करायचो. दुसऱ्या वर्षी वकिलांची होडी एकदम मणभर जड भरली!

आमचा दत्तू मिस्त्री, सगळ्या होड्यांची दुरुस्ती त्याच्याकडंच, त्यानं फळीवर नुसता हात ठेवला. "मास्तर, ही होडी न्हाय, भिजलेली वाकळ हाय! आठ दिस पाणी भरून ठिवल्याली दिसतीया."

वकील म्हणाले, "पुरावा?"

मी म्हटलं, "पुरावा नको. आठ दिवस उन्हात ठेवा, मग मोजू."

वाळवली, मोजली, वजन ठिकाणावर आलं. मीही खूश. पण वाळून फळ्यांच्या सांधी उघडल्या, हे माझ्यासारख्या ड्रॉइंग मास्तरच्या ध्यानात कुठलं यायला? शर्यतीच्या दिवशी वकील एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं तांब्या तांब्या पाणी उपसत होते. काठावर आल्यावर मला म्हणाले, "मास्तर, तांब्याची काही सवलत?"

*

हेच वकील एकदा उशिरा पोचले आणि लेखी अर्जच पुढं केला. मधल्या पाण्यात डुंबणारी म्हैस आडवी आली, होडी अडली, सबब दोन मिनिटं वाढीव मिळावीत!

मी दत्तू मिस्त्रीला विचारलं, "खरं का रं?"

"खरं हाय की. म्हस आडवीच झालती."

"कुणाची म्हैस?"

वकिलांनी अर्ज गुपचूप खिशात घातला. म्हैस त्यांच्याच गोठ्यातली!

*

आता तात्यांविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांचंच. तात्यांनी संस्थानच्या बोटहाऊसात वीस वर्षं नोकरी केली. शीड यांनी धरायचं, सुकाणू यांनी सांभाळायचं, आणि जिंकल्यावर भोंग्यावरनं नाव पुकारायचं ते पुढं लोडाला टेकून बसलेल्या पाहुण्याचं. लिलावात तात्यांनी आपण चालवलेली तीच होडी घेतली. नाव हरणी. चाल मात्र नावाला साजेशी नव्हे. साठी उलटली तरी एकही शर्यत जिंकली नव्हती. मला म्हणायचे, "मास्तर, एकदा माझं नाव भोंग्यावरनं ऐकू द्या. मग होडी चुलीत घातली तरी चालंल."

आणि नेमकी त्यांच्याच होडीवर संक्रांत आली. झालं असं, की एका व्यापाऱ्यानं काट्यावर मेव्हण्याची जड होडी नेली आणि पाण्यात स्वतःची हलकी उतरवली. रंग सारखा, कुणाला कळणार? पण कळलं. आमचे सेक्रेटरी पुण्याहून बदलून आलेले इंजिनिअर. त्यांनी नियमच काढला, "ज्या होडीवर बांधणाऱ्याचा मूळ नंबर नाही, ती शर्यतीत नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत नंबर दाखवावा."

बाकीच्यांचे नंबर बाहेरच्या फळीवर सापडले. हरणीचा कुठंच दिसेना. सेक्रेटरींनी मिस्त्रीला बोलावलं.

"नंबराची फळी कुठं गेली?"

"कुजलीती. बदलली."

"आणि जुनी?"

"बंबात घातली, सायेब. चांगलं कडक पाणी तापलं."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "आतापर्यंत किती फळ्या बदलल्या?"

"बाहेरच्या समद्याच की!"

"मग ही तीच होडी कशावरून?"

मिस्त्री सरळ त्यांच्या डोक्याकडं बघत म्हणाला, "सायेब, तुमची क्यासं गेली, दात बी बदललं. घरची मान्सं तुमास्नी आत घेत्यात न्हवं?"

मी तोंडावर रुमाल धरला. पण तात्या हसले नाहीत. ते नुसते हरणीच्या काठावर हात फिरवत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

*

मी होड्या बांधणाऱ्या मुंबईच्या कारखान्याला पत्र टाकलं. शुक्रवार गेला, उत्तर नाही. शनिवारी दुपारी पोस्टमन शाळेत आला. वर्ग तसाच सोडून मी सायकल हाणली ती थेट रंकाळ्यावर! पत्रात दोनच ओळी कामाच्या होत्या. एकीत हरणीचा नंबर होता. दुसरीत लिहिलं होतं, की प्रत्येक होडीचा नंबर बाहेरच्या फळीशिवाय डोलकाठीच्या मुळाशी, आतल्या बाजूला, पितळी पट्टीवरही असतो.

आम्ही आत वाकून बघितलं. डोलकाठीच्या मुळाशी नारळाएवढा शेंदराचा गोळा!

"तात्या, हे काय?"

"पाण्याची देवी. मी नोकरीला लागलो तवा तिथं कायतरी पिवळं चकाकत हुतं. थोरल्या नावाड्यानं सांगितलं, शेंदूर लाव. तवापासनं दर खंडेनवमीला तेल-शेंदूर लावतोय."

सेक्रेटरी म्हणाले, "खरवडा."

तात्या आडवे आले. "हात लावायचा न्हाय! शर्यत गेली तरी चालंल, देवीला पटाशी लागू द्यायचो न्हाय!"

ऊन उतरायला लागलं. सेक्रेटरी घड्याळ बघायला लागले. शेवटी मिस्त्री म्हणाला, "तात्या, देवीच्या वतीनं तुमीच का बोलताय? तिलाच इचारा की."

तात्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि त्या गोळ्याला वाकून कपाळ टेकवलं. वीस-पंचवीस वर्षांचा थर तो, आणि वर तात्यांचं आख्खं वजन! कट्कन आवाज झाला आणि सबंध कवच एका तुकड्यात सुटून त्यांच्या ओंजळीत आलं. खाली पितळी पट्टी, काल ठोकल्यासारखी लखलखीत. सेक्रेटरी गुडघ्यावर बसले, नंबर पत्राशी ताडून बघितला आणि म्हणाले, "हीच ती होडी." अहो, काय सुटलो म्हणून सांगू! मिस्त्री रडला, मी रडलो, तात्या तर कवच छातीशी धरून हुंदकेच द्यायला लागले.

तेवढ्यात वकील पुढं आले. "माझी हरकत आहे. शेंदूर म्हणजे वजन. कवच निघालं, होडी हलकी झाली. सवलत कमी करा!"

तोलून बघितलं तर चांगलं अडीच शेर भरलं! मी निकाल दिला, "शर्यत सुटताना कवच होडीतच असेल. वजन तेवढंच, सवलत तेवढीच." वकिलांनी मान डोलावली.

रविवारी वारा छान होता. तात्यांनी कवच हळदीकुंकू वाहून होडीत ठेवलं, मी स्वतः बघितलं. वकील पुढं, हरणी मागं. पण या खेपेला फार मागं नाही. सवलत वजा केली, पुन्हा केली, सेक्रेटरींकडनं तपासून घेतली. चार सेकंदांनी हरणी! मी भोंगा तोंडाला लावला आणि तात्यांचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट दोनदा पुकारलं. तात्या फेटा काढून दोन्ही हातांत धरून उभे होते.

वकील मात्र होडीत डोकावत होते. "तात्या, कवच कुठंय?"

"सोडलं की पाण्यात. निघाल्यालं कवच घरात ठिवत न्हाईत."

"कधी सोडलं?"

"शेवटच्या वळणावर."

"बरोबर शेवटच्या वळणावरच? तिथनं पुढं सरळ रेघेत जोरात यायचं होतं म्हणून?"

तात्यांनी शांतपणे फेटा डोक्यावर ठेवला.

"देवीचं कवच खोल पाण्यातच सोडायचं असतंय, वकीलसायेब. आन् सगळ्यात खोल पाणी तिथंच हाय! वीस वर्षं काय मी नुसतं शीडच धरलं व्हय?"