ठेचा आमचा, टेबल त्यांचं

दोन विमान कंपन्या एक झाल्या, तरी विमानतळावर आमची जेवायची टेबलं दोनच राहिली. आमच्या जुन्या कंपनीतला एक सोबती बदनापूरहून रोज माझ्यासोबत रेल्वेनं येतो, दहा वर्षं आमच्याच टेबलावर जेवला. नवा गणवेश अंगावर चढला त्याच दिवशी डबा उचलून दुसऱ्या कंपनीच्या टेबलावर जाऊन बसला. "तुमचे जुने लोक बिलकुल काम करत न्हाईत, बराबर ना?" असं हा जुनाच मला विचारतो. लाज कशाशी खातात, त्याला ठाऊक नाही.

काल जेवताना नव्या साहेबांनी त्याला विचारलं, जुन्यांपैकी कोणाला कमी करावं. माझ्याकडून मागून नेलेला ठेचा त्यानं साहेबांना वाढला, "आमच्या घरचा आहे, सर," म्हणाला आणि मला ऐकू येईल असं पहिलं नाव माझंच घेतलं.

संध्याकाळी गाडीत माझ्याच शेजारी टेकत म्हणाला, "वहिनीला सांग, उद्या ठेचा जास्त लागंल. बराबर ना?"