सुमंगलाकाकीचा पाय आणि केरीची निळी पिशवी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी दुसऱ्यांना शिव्या घालीन तेव्हा कुणी मध्ये बोलायला नको. डिचोलीच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी मोबाइलवर एक लेख वाचला. दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला की मधुमेहाच्या जुन्या जखमा भरू शकतात, असा. लेख खरा होता. पण निम्मा वाचून झाला आणि गिऱ्हाईक आलं. उरलेला निम्मा न वाचताच मी सुमंगलाकाकीला स्कूटरवर बसवून पेडण्यातल्या केरीला घेऊन गेलो.

काकी सर्वणची, आमची शेजारीण. नवरा शांताराम खाणीच्या ट्रकवर होता. खाणी बंद पडल्या आणि थोड्याच वर्षांत तोही गेला. तेव्हापासून काकी डिचोलीत बुधवारच्या बाजाराला भाजी आणि केसांत माळायचे आबोलीचे वळेसर विकते. कुणी वांगं जास्त दाबून बघितलं तर विचारते, "लग्नाला मुलगी बघतोस काय रे?" माणूस शरमून वांगं घेऊन जातो.

साखरेचा आजार तिला बारा वर्षं. एका बुधवारी ती चपलेत खडा घेऊन दिवसभर उभी राहिली आणि तिला कळलंच नाही, इतकी पायाची जाणीव गेलेली. संध्याकाळी रक्त दिसलं तेव्हा ती चपलेवर चिडली. ती जखम आठ महिने भरली नाही. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की पू आत चढला तर पाय घोट्यातून कापावा लागेल. काकी घरी येऊन मला म्हणाली, "पाय गेला की बाजार गेला. मग मी कोण? ओसरीवर बसवलेली म्हातारी."

म्हणून केरी.

तिथे समुद्राच्या बाजूला बांबूचं फाटक, पाण्यात सोडलेली फुलं आणि प्रवीणसर. गळ्यात रुद्राक्ष. भिंतीवर बऱ्या होणाऱ्या आजारांची यादी: मधुमेह, गुडघे, दमा, निद्रानाश, मुलांची स्वमग्नता आणि शेवटी म्हातारपण. ती यादी बघून तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. यंत्र म्हणजे चेन लावलेली लांबलचक निळी पिशवी, बाजूला घरघरणारा पंप आणि प्राणवायूची नळी.

"पिशवीत मेल्यावर घालतात ना रे, गौरेश?" काकीने मला विचारलं.

"हायपरबॅरिक चेंबर आहे हो, आई," प्रवीणसर हसले.

"तुझी आई कुठे असते? तिला घातलीस काय कधी आत?"

त्या माणसाने काकीची साखर तपासली नाही, कान बघितले नाहीत, छातीचं विचारलं नाही. महत्त्वाच्या कामाला निघताना काकी डोक्यावर खोबरेल थापते. ते कपाळावर ओघळत होतं, तरी हा काही बोलला नाही. उलट कंटाळा येऊ नये म्हणून भजन लावून मोबाइल आत दिला. प्राणवायू, तेल आणि बॅटरी, तिन्ही एका पिशवीत! एक ठिणगी पुरली असती. तेव्हा मी शहाणा फोटो काढत होतो.

जाताना प्रवीणसरांनी सल्ला दिला, "मलमपट्टी बंद करा. जखमेला श्वास घेऊ दे." काकीने ऐकलं. मीही मान डोलावली.

आठवड्यातून एक बैठक. तिसरी सोमवारी आली, आणि काकीचा सोमवार निर्जळी नसला तरी कडक. सकाळपासून पोटात काही नाही. पण इन्सुलिन मात्र तिने घेतलं होतं. "सुई म्हणजे काय जेवण आहे? सुईने उपास मोडत नाही," हा तिचा हिशेब. मी तो स्कूटरवर ऐकला आणि हसलो.

वीस मिनिटांनी पिशवीच्या पारदर्शक खिडकीतून मला तिचा चेहरा दिसला. घामाने निथळत होता.

"सर, काकीला घाम येतोय."

"छान. विषारी द्रव्यं बाहेर पडतायत."

"ती वांग्याचे दर सांगतेय हो!"

"खोल विश्रांती म्हणतात तिला."

"हवा सोड!" मी ओरडलो. 'सर' कधी गळून पडलं कळलं नाही. मी चेनीला हात घातला तसा तो किंचाळला, "एकदम उघडू नको, कान फुटतील!" तीन आठवड्यांत त्याने सांगितलेली ही एकुलती एक खरी गोष्ट. हवा उतरेपर्यंतची ती मिनिटं मी त्याच्या नावाने काय काय बोललो, ते इथे छापणार नाही.

काकीची साखर उतरलीय हे आता मला उमगलं होतं. त्याच्या कॉफीच्या ट्रेमधली साखर पाण्यात ढवळून मी काकीच्या ओठांना लावली. तिने तोंड फिरवलं. "सोमवार..."

"साखर उपासाला चालते गे काकी!"

तेवढ्या गुंगीतही तिने विचार केला. मग प्याली.

तिथून सरळ इस्पितळ. डॉक्टरीणबाईंनी आधी पाय बघितला, मग माझ्याकडे. "लेख खोटा नव्हता," त्या म्हणाल्या. "पण ते यंत्र इस्पितळातलं. भक्कम, बाहेरच्या दुपटीहून जास्त दाब, आत शुद्ध प्राणवायू. तेही प्रत्येक जखमेला नाही. आधी पायाचा रक्तपुरवठा बघायचा, सडलेलं काढायचं, साखर आवरायची. मग जोडीला हे. कानाचा पडदा फाटू शकतो, नजर काही दिवस बदलते, क्वचित झटके येतात. साखर आत आणखी उतरते, म्हणून आधी मोजतात. आणि पट्टी कुणी बंद केली?"

पू हाडाला लागला होता. काकीची दोन बोटं कापली.

पाय मात्र वाचला. नंतर खऱ्या यंत्रात तीस बैठका झाल्या. तिथल्या नर्सने पहिल्याच दिवशी काकीचं डोकं साबणाने धुवायला लावलं, वळेसर, मोबाइल, नायलॉनचं लुगडं बाहेर ठेवून सुती झगा दिला आणि रोज बोट टोचून साखर बघितली. कान दडले की आवंढा गिळायला शिकवलं. दोन महिन्यांनी जखम मिटली. यंत्राने किती भरली आणि शस्त्रक्रियेने, औषधाने किती, हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या. नाही सांगता येत म्हणणारा माणूस मला या सगळ्यात पहिल्यांदा भेटला.

मी परत केरीला गेलो. भांडायलाच. भिंतीवर काकीचा फोटो लावलेला, मीच काढून पाठवलेला. खाली ओळ: 'मधुमेही जखम, तीन बैठकांत आराम.' मी तो टराटरा फाडला. प्रवीण म्हणाला, "निगेटिव्ह एनर्जी घेऊन येऊ नका." आरोग्य खात्याला तक्रार लिहून दिलीय. आतल्या पिशवीत त्या दिवशी कुणाची तरी छोटी मुलगी होती. तिच्या आईला मी सगळं सांगितलं. तिने मलाच वेड्यात काढलं. बरोबरच आहे, एकेकाळी मीही काढलं असतं.

काकी आता रुंद बूट घालून बाजारात बसते. रोज रात्री चपला-बूट झटकून आत हात घालून बघते. पाय राहू दे म्हणून तिने देवीला पाच नारळांची आंगवण बोलली होती. तीन देऊन आली.

"पाच होते ना?" मी विचारलं.

"पाय राहिला, त्याचे तीन. गेलेल्या बोटांचे दोन तू द्यायचे."

"देवी ऐकेल काय असं?"

"देवीला मी सांगितलंय. तिला तुझं नाव माहीत आहे."

मागच्या आठवड्यातल्या बुधवारी तिने दोन नारळ कानाशी हलवून माझ्यासाठी बाजूला काढले. मी म्हटलं, दुकानात गर्दी आहे, पुढच्या बुधवारी नेतो. तो बुधवारही काल गेला.