हाव म्हणणारे काका

आमच्या काकांना काहीही विचारा, उत्तर एकच यायचं. "काका, जेवले का?" "हाव." "मंग उपाशी हाये का?" "हाव." वर तोंडभर हसायचे. आमच्या सोनाळा गावातली टारगट पोरं त्यांना पारावर गाठून भलतंसलतं विचारत, आणि काका प्रत्येकाला मनापासून होकार देत. मिशा पिकायला आल्या होत्या, पण समज लहान पोराचीच राहिली होती. समोरच्याला नाराज करायचं नाही, एवढंच जगानं त्यांना शिकवलं होतं.

माझ्या वडिलांचे ते धाकटे भाऊ. मधली बहीण, म्हणजे आमची विधवा आत्या, आमच्याकडेच असायची. काकांना बरं आहे की नाही, हे घरात फक्त तिला कळायचं. ती त्यांना कधी विचारत नसे. "त्याले इचारून काय फायदा? त्याच्या ताटाकडं पाह्य," म्हणायची. खुशीत असले की काका जेवताना मध्येच हसत, वरणात बोट बुडवून भिंतीवर ठिपके काढत आणि अर्धी भाकरी वासराला घालायला गोठ्यात पळत. काही बिनसलं असलं की मात्र खाली मान घालून ताट चाटूनपुसून साफ करत. लहानपणी ताटात उरलं म्हणून आजोबांनी झोडपलेलं होतं. ती भीती दुखण्यात वर यायची. एकदा असंच साफ ताट बघून आत्यानं त्यांचा सदरा वर केला, तर पाठीवर हे एवढं गळू. त्याच सकाळी वैद्यांनी विचारलं होतं, "बरं हाये ना?" आणि होकार घेऊन ते निघून गेले होते.

पुढे माझ्या मोठ्या बहिणीला खामगावचं स्थळ आलं. त्याआधीचं एक स्थळ काकांना बघून परत गेलं होतं. म्हणून बाबांनी दूरच्या शहरात, अशा माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत काकांची सोय लावली. "त्याले इचारूनच ठेवलं," घरी येऊन ते म्हणाले, "खुशीनं राह्यला."

आत्या भांडली. बाबा म्हणाले, "सोयरीक जमली की आणतो." सोयरीक जमली, लग्न झालं, बहिणीला मुलगी झाली. शेवटी आत्यानं अन्न सोडलं, तेव्हा बाबा आम्हा दोघींना, आत्याला आणि मला, घेऊन भेटीला गेले.

तिथले साहेब भले होते. "वजन वाढलंय," ते कौतुकानं सांगू लागले. "भांडण नाही, रडणं नाही. आमच्याकडे सगळ्यात सुखी हेच. जेवण तर बघा, ताटात शीतही उरत नाही."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, आजच्या आज घरी घेऊन चाल त्याले."

"काऊन? साहेब काय सांगून राह्यले, आयकलं नाही का?"

"आयकलं म्हणूनच म्हणते."

बाबा काकांकडे वळले. "बरं हाये ना बे तुले इथं?" काकांनी नेहमीचंच उत्तर दिलं. या वेळी ते हसले नाहीत. बाबांनी मात्र खटला जिंकल्यासारखं आत्याकडे पाहिलं. निघताना काकांच्या मुठीत आत्याचा पदर होता. तिथल्या माणसानं एकेक बोट उघडून तो सोडवला.

त्याच पावसाळ्यात काका न्यूमोनियानं गेले. तार आमच्याकडे पोचेपर्यंत संस्थेनं अग्नीही दिला होता. बाबा अस्थी आणायला गेले, तेव्हा साहेबांनी त्यांची समजूत घातली : शेवटपर्यंत काही तक्रार नव्हती. हे वाक्य बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत राहिले.

दिवाळी आली. भाऊबीजेला जावई घरात होते, शेजारचे चार लोक बसले होते. बाबा नवं धोतर नेसून पाटावर बसले. आईनं निरांजन लावून ताट तयार ठेवलं. आत्या चुलीपुढून उठेना. बाबांनी दोनदा हाक मारली, मग जरा आवाज चढवून म्हणाले, "अवं, ओवाळतं ना? लोक बसले हाये."

आत्यानं चुलीत लाकूड सरकवलं. "माहा भाऊ पावसाळ्यात गेला," ती आतूनच म्हणाली.

बाबा पाटावर तसेच बसून राहिले, आणि निरांजनातलं तूप संपलं.