परतीचं धपाटं

मालकांच्या उजव्या हाताला पकड राहिली नाही, म्हणून माऊस माझ्या हातात आला. नाहीतर चौथी शिकलेल्या बाईचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध.

वीस वर्षं त्यांनी लातूरहून माल भरून ट्रक चालवला. ट्रक उलटला आणि ते रेणापुरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. माझ्या भावाचं नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणून जोडून दिला आणि त्यात आभाळात जहाज चालवायचा खेळ घातला. म्हणाला, "दाजी, इथं आरटीओ न्हाई, टोल न्हाई. चालवा किती चालवायची ती." त्या दिवशी मालक बऱ्याच महिन्यांनी हसले.

चालवायचा दांडा ते डाव्या हातानं धरायचे. पडद्यावर जे दाबायचं ते मी दाबायची. इंग्रजी मला अक्षर जोडूनच येतं, पण चित्रं आणि जागा पाठ झाल्या. वर्षभर आम्ही एका तळावरून दुसऱ्या तळावर धान्य, लोखंड, औषधं वाहिली. ते जहाजाला गाडीच म्हणायचे. सूर्याच्या कडेकडेनं जाऊन टाकी भरली की म्हणायचे, "तेल घेतलं, चल."

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते म्हणाले, "आता माल बास. लांब जायचं. जिथून पुढं तारेच न्हाईत तिथवर."

लांब जायचं म्हणजे आमच्या माहेरी सामान भरायचं असतं. इथं उलटं निघालं. जहाज एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं, आणि जितकं हलकं तितकी उडी लांब. ते सांगत गेले, मी काढत गेले.

"बंदुका काढ."

"वाटेत कोणी आडवं आलं तर?"

"तिकडं कोण येतंय आडवं? काढ."

मग जहाजाभोवतीचं कवच काढलं. मोठं यंत्र काढून लहान बसवलं. तेल घ्यायचं नळकांडं तेवढं मोठं घेतलं, आणि मोडतोड झाली तर दुरुस्त करणारा एक डबा. मालाचे दोन खण होते. म्हणाले, "दोन्ही काढ."

"आणि परत यायचं कसं?"

ते पडद्याकडंच बघत राहिले. "परत यायचं कोण म्हणलं?"

खेळातलंच बोलतायत, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच आठवड्यात त्यांनी आपली पाना-पेटी शेजारच्या ड्रायव्हरला देऊन टाकली. त्या पेटीला ते मलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. मग गॅसचं पुस्तक माझ्या नावावर करायला लावलं. लायसन पाकिटातून काढून देवापाशी ठेवलं. मला बसवून सांगितलं, कोणता कागद कोणत्या पिशवीत आहे. मी मान हलवत होते. जहाजातून मी जशी एकेक वस्तू काढली, तसंच हे घरातून चाललं होतं. विचारायला तोंड उघडेना. मला मेलीला दुकानात साखर मागतानाही आवाज फुटत नाही.

माहेरी, भोकरला, आमच्या आईची एक रीत होती. कोणी गावाला निघालं की धपाटी बांधून द्यायची आणि बजावायची, एक उरवून आण. वाटेत कितीही भूक लागली तरी शेवटचं धपाटं खायचं नाही, ते घरी येऊनच खायचं. परतीचं धपाटं जवळ असलं की वाट माणसाला घरी आणते म्हणायची. मी लग्नानंतर मालकांच्या डब्यात वीस वर्षं तसंच बांधलं. ट्रक उलटला त्या खेपेला मी तापानं पडले होते. त्यांनी हॉटेलात खाल्लं होतं.

जहाज निघायच्या दिवशी न्हावी दाढीला आला. ते ओट्यावर बसले. मी आत आले, मालाचा एक खण पुन्हा बसवला आणि त्यात एक टन अन्न भरलं. कमी भरायची सोयच नाही तिथं. कढईत तेल तापत ठेवून आल्यासारखी मी दाराकडं बघत होते. ते आत आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "चल." त्यांना काही कळलं नाही.

रोज दुपारी आम्ही उड्या मारत गेलो. प्रत्येक उडीनंतर तोंडासमोर एकदम सूर्य यायचा, मी दचकायची. पहिल्यांदा तारे दाट होते. मग विरळ झाले. मालकांचं बोलणंही तसंच कमी होत गेलं. जेवण अर्धं सोडायला लागले.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी समोर एकच तारा उरला. त्याच्यामागं नुसतं काळं. मी दाबलं, उडी पडेना. पुन्हा दाबलं.

"व्हायला पाहिजे," ते म्हणाले. "मी हिशेब केलता. सामानाची यादी उघड."

उघडली. ते वाकून वाचू लागले.

"हे अन्न कुणी भरलं?"

"मी."

"कशाला?"

"परतीचं आहे."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग ते हळू म्हणाले, "फेकून द्यायला एक बटण हाय. कोपऱ्यातलं. दाब."

मी माऊसवरचा हात काढला आणि पदरात धरला. कसा आवाज निघाला मलाच ठाऊक नाही. "पाना-पेटी का दिली तुम्ही? कागद मला का दाखवले? कुठं निघालात तुम्ही, मला न सांगता?"

माऊस तिथंच होता, त्यांचा डावा हात सहज पोचला असता. मी नुसती बघत बसले. नंतर त्यांनी दांडा ओढला, आणि जहाजाचं तोंड सावकाश फिरलं. काळं बाजूला सरकलं, तारे आले.

"तेवढंच लांब हाय परत," ते म्हणाले.

"असू द्या."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या देखत भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. भाऊ आला, त्यांना लातूरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. गोळ्या सुरू आहेत. पाना-पेटी मी स्वतः शेजारी जाऊन मागून आणली. देताना त्या ड्रायव्हरची बायको म्हणाली, "दिलेलं परत मागतात का कुठं?" मी म्हटलं, "हाव, मागतात."

जहाज अजून वाटेत आहे. काही दुपारी ते पडद्याकडं बघतही नाहीत, आणि त्या दिवशी मी घरातून हलत नाही. परवा बसले, आणि मधेच विचारलं, "पोचल्यावर काय करायचं?"

मी म्हणाले, "आधी पोचू तर द्या."

ते म्हणाले, "चल, दाब." मी दाबलं.