कुणाला लागू पडतं

तरुणपणी मी फार हुशार होते. आता नाही, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत मी लहान मुलांच्या आतड्यांच्या सुजेवर काम करायचे. यात शरीर आपल्याच आतड्यांवर उठतं. पोटात कळा येतात, शौचातून रक्त जातं, मूल वाढायचं थांबतं. त्यावर एक उपाय असतो: काही आठवडे अन्न पूर्ण बंद, फक्त डब्यातल्या पावडरीचं दूध. काही मुलांची सूज तेवढ्यानेच उतरते आणि वाढ खुंटवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या टळतात. काहींना मात्र ढिम्म फरक पडत नाही. कुणाला लागू पडेल, हे मुलाची शी तपासून आधीच ओळखायचं, हा माझा विषय. "दोन-तीन वर्षांत सोडवून टाकते," असं मी मला बघायला आलेल्या सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "कशाची तपासणी म्हणालात?"

वॉर्डात तर माझा रुबाब विचारूच नका. एकदा गौलीगुड्याहून आलेली एक म्हातारी पदराआडून नातवाला दहीभात भरवताना सापडली. मी बोट उगारलं. "आजी, एका घासाने सगळं वाया जाईल!"

तिने मला खालवर न्याहाळलं. "लेकरं हायत का तुला, बाई?"

"नाहीत."

"मंग बोल. आत्ताच बोलून घे."

मला वाटलं, पटलं म्हातारीला.

गेल्या वर्षी माझ्या चौथीतल्या नातीला हाच आजार निघाला. तिचा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. दूध सुरू झालं. पोरीने त्याचं नाव 'चुना' ठेवलं. घरात फोडणी बंद झाली. मुलगा ऑफिसात जेवून यायचा, सून कधी जेवायची कोण जाणे. आणि मी, आहारशास्त्रावर भाषणं ठोकलेली बाई, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून भाकरी-ठेचा खायचे. एकदा खाली उतरले, तर नात जिन्यातच उभी.

"आज्जी, हात दाखव."

"का गं?"

"दाखव तो."

तिने माझी बोटं हुंगली. "ठेचा! मला हौली समजतेस काय?"

हात धुवायला निघाले, तर तिने मनगट सोडलं नाही. बोटं पुन्हा नाकाशी धरून डोळे मिटले. "नक्को धुऊ. थांब जरा."

आम्ही दोघी जिन्यात तशाच उभ्या राहिलो.

त्या संध्याकाळी सुनेने विचारलं, "आई, खरं सांगा. हिला लागू पडेल ना?"

या एका प्रश्नापायी माझी सगळी नोकरी खर्ची पडली. निबंध छापून आले, शाली मिळाल्या, परदेशातल्या सभांत टाळ्या पडल्या. उत्तर तेवढं सापडायचं राहिलं.

"माहीत नाही गं."

"तुम्हालाच माहीत नाही, तर मग कुणाला?"

"कुणालाच नाही."

ती धुतलेलाच ग्लास परत धुवायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्या हाताला काय सांगायचं होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

आठवडे पुरे झाल्यावर तपासणी झाली. विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम..." म्हणून तो थांबला, तेव्हाच कळलं. वाईट बातमी सरळ सांगावी, हे मीच त्याला शिकवलं होतं. गडी कच्चाच राहिला. सूज जवळजवळ तशीच होती. पोरीने एक घासही चोरून खाल्ला नव्हता. आता स्टेरॉइड, पुढे कदाचित इंजेक्शनं.

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. नातीने आमच्या तोंडांकडे पाहिलं.

"म्हणजे चुना बंद?"

"हो," सून म्हणाली.

"आणि जेवण?"

"हळूहळू. आधी मऊ भात."

"आज? आत्ता?" पोर अक्षरशः नाचली. आमच्यापैकी कुणाला तिला थांबवताही येईना आणि तिच्याबरोबर हसताही येईना.

मी भात गिचका शिजवला, वर वरण घातलं. तिने ताट जवळ ओढलं. पहिला घास तोंडात तसाच ठेवून, न चावता, ती माझ्याकडे बघून हसली. शेजारी गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. जेवताना ती पाय हलवत होती. खुर्चीवरून ते अजून जमिनीला टेकत नव्हते.