मसालेभातावरचा खटला

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सिंगापूर मुक्कामी, जुरोंग ईस्टच्या एका काँडोच्या फंक्शन रूममध्ये, रविवारी सकाळी अकरा वाजता, पाच सन्माननीय पंचांच्या उपस्थितीत मसालेभातावर खटला चालवण्यात आला. आरोपी गैरहजर होता. आरोपी आठ दिवसांपूर्वीच खाऊन संपला होता.

त्या पाचांतला एक पंच मी.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. इथल्या कोर्टात पूर्वी ज्युरी बसायची म्हणतात. सरकारने ती कधीच मोडीत काढली. आमच्या मराठी मंडळाने ती पुन्हा सुरू केली.

झालं होतं असं. मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी पंधराएक लोकांची पोटं बिघडली. पुऱ्या आणि भाजी हॉटेलातली. श्रीखंड अध्यक्ष साठे यांच्या घरचं, वहिनींनी केलेलं. मसालेभात यिशुन भागात राहणाऱ्या सुनंदा कांबळे यांचा.

खटला सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील. साठे खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "हे बघा, मी जातपात मानत नाही."

हे वाक्य आलं की मी सावध होतो. अनुभव आहे.

"पण त्या लोकांना शिळंपाकं खायची सवय असते. त्यांना सोसतं. आपल्याला नाही सोसत."

आपल्याला. हा शब्द उच्चारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रेमाने.

आता माझी ओळख. माझ्या वडिलांचं आडनावही कांबळेच. मी चौथीत असताना त्यांनी ते बदललं, गावाच्या नावाला 'कर' लावला, गॅझेटात छापून आणलं. म्हणाले, पोराला नोकरीच्या दारात तरी कुणी अडवू नये. त्या 'कर'च्या आडोशाने मी पुण्यात खोली मिळवली, तुआसच्या कारखान्यात इंजिनिअर झालो, इथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, झालो. वर आवाज खणखणीत. मंडळाच्या नाटकांत तीनदा भटजी झालो, टाळ्या घेतल्या. एका वर्षी साठ्यांच्या घरी गणपतीला गुरुजी आलेच नाहीत. साठे म्हणाले, "तुमचं पाठांतर आहे, तुम्हीच बसवा." पोथी समोर धरून मी बसवला. ज्या माणसाने घरातले देव नदीत सोडले त्याचा मी मुलगा. वहिनींनी मला वाकून नमस्कार केला. हा किस्सा मी घरी हसत हसत सांगितला. बायको हसली नाही.

असो. खटला.

पंचांत एक होत्या डॉक्टर लेले. दातांच्या. पोटाशी त्यांचा संबंध दात संपतात तिथे संपतो, पण वैद्यकीय मत त्यांचंच. त्या म्हणाल्या, "भात लवकर बिघडतो. शक्यता आहे."

सेक्रेटरी नितीन, बँकेतला, तिशीचा हुशार मुलगा. तो म्हणाला, "त्यांचं किचन बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं.

"म्हणजे बघा," नितीन म्हणाला.

जहाज कंपनीतले शिर्के मेळाव्यात माझ्या शेजारीच जेवायला बसले होते. त्यांनी तो भात दोनदा मागून घेतला होता. मी साक्षीदार. खटल्याच्या सुरुवातीला ते म्हणाले, "भात बरा होता की." दहा मिनिटांनी म्हणाले, "थोडा गिच्च होता." आणखी दहा मिनिटांनी म्हणाले, "मला तेव्हाच वास आला होता, पण म्हटलं कशाला बोला." त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. त्यांना खरंच वास आठवू लागला होता. चार माणसांनी मिळून त्यांच्या नाकात तो घातला.

'शक्यता आहे'चं 'बहुतेक' झालं, 'बहुतेक'चं 'दुसरं काय असणार'. चहाआधी सगळं सिद्ध.

श्रीखंडाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. आणि मला तर माहीत होतं. माझी मुलगी भाताला शिवली नव्हती. तिने वाटीभर श्रीखंड खाल्लं आणि सकाळपर्यंत ओकत होती. "Papa, I only ate the sweet one lah," असं तिने चारदा सांगितलं होतं. मी भात दोनदा खाऊन ठणठणीत होतो.

निकाल असा ठरला: सगळ्या सभासदांना ई-मेल जाणार. सुनंदा कांबळे यांच्याकडून कोणीही खाद्यपदार्थ घेऊ नयेत, नावानिशी. सुनंदाताईंच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. त्या डबे द्यायच्या, फराळ करून द्यायच्या, त्यावर घर चालायचं. घेणारे सगळे ह्याच ई-मेलच्या यादीतले.

"हात वर करा," साठे म्हणाले.

हात वर झाले. माझाही झाला. सगळ्यांत आधी नाही, सगळ्यांत शेवटी नाही. मधोमध. लपायला बरी जागा असते ती.

आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे. ठराव कुठलाही असो, वहीत 'एकमताने मंजूर' असंच लिहायचं आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. मंडळ निघाल्यापासून वहीत एकही विरोधी मत नाही. साठ्यांना त्याचा फार अभिमान. नितीनने सुबक अक्षरात लिहिलं आणि वही फिरायला लागली. तेवढ्यात वहिनी वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरून चहा घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्हाला बिनसाखरेचा," असं म्हणून त्यांनी माझा कप वेगळा ठेवला. माझी साखर त्यांच्या लक्षात होती. वाईट बाई नाही हो ती.

वही माझ्यापाशी आली. पेन उघडलं. आणि मला मेळाव्यात पातेल्यामागे उभ्या असलेल्या सुनंदाताई दिसल्या.

माझी आई आदल्या वर्षी इथे आली होती. यिशुनच्या बाजारात दोघींची गाठ पडली. आईने गाव, आडनाव, सगळं पाच मिनिटांत सांगून टाकलं. मेळाव्यात मी ताट घेऊन पुढे गेलो तेव्हा सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "जयभीम, भाऊ."

मी आधी मागे बघितलं. रांगेत शिर्के होते. मग म्हणालो, "नमस्कार."

त्यांनी एक डाव भात जास्त वाढला.

तो भात मी खाल्ला. दुसऱ्यांदा मागितला. आणि आता त्याच भाताविरुद्ध सही करायला बसलो होतो. साठे जे बोलले तो अपमान होताच. पण साठ्यांना माहीत नव्हतं की समोर कोण बसलंय. मला माहीत होतं.

पेन ठेवलं. म्हणालो, "एक प्रश्न आहे. श्रीखंड कुणी कुणी खाल्लं होतं?"

"आता कशाला ते?" नितीन म्हणाला. "ठराव झालाय."

"आमच्याकडे तुआसला पंप बंद पडला तर आधी यादी करतात. काय काय चालू होतं, काय बंद होतं. पंपाचं आडनाव कोणी विचारत नाही. जे आजारी पडले त्यांची यादी करू. कुणी काय खाल्लं ते लिहू. अर्ध्या तासाचं काम आहे."

वहिनींच्या हातातला ट्रे तसाच राहिला. साठे म्हणाले, "तुम्ही माझ्या घरावर आरोप करताय?"

"नाही. तुम्ही यिशुनच्या घरावर करताय, न विचारता. मी नुसतं विचारतोय."

"हात वर केलात ना तुम्ही?"

"केला. चूक केली. खाली घेतो."

शिर्के समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, एका माणसासाठी रिवाज कशाला मोडता? आपल्यातल्या आपल्यात."

तेव्हा मी उभा राहिलो. वही ओढली. 'एकमताने' हा शब्द खोडला. वर लिहिलं, 'चार विरुद्ध एक'. खाली सही केली. आधी गॅझेटातलं आडनाव, पुढे वडिलांचं जुनं. कांबळे. वही साठ्यांपुढे सरकवली.

"आपल्यातला मी नाही," मी म्हणालो. "त्या लोकांतला आहे. जयभीम."

इथे थोडं थांबून पुढचं सांगतो. यादी झाली नाही. ई-मेल गेली. सुनंदाताईंचे निम्मे डबे बंद झाले. मी त्यांच्या दारात जाऊन सगळं सांगितलं, माझ्या वर गेलेल्या हातासकट. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "हे तुम्ही आधी बोलायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं. दोष श्रीखंडाचा होता असं मी आजही म्हणत नाही. ते कुणी शोधलंच नाही, एवढंच म्हणतो. पण त्या दिवसापासून माझ्या दारावर दोन्ही आडनावं आहेत. जिथे माझ्यासमोर 'ते लोक' म्हटलं जाईल तिथे पहिल्या वाक्यालाच मी सांगणार, मी कोण. हात वर करायच्या आधी. आणि माझ्या सहीवर कुणाचंही एकमत होणार नाही. एकटा पडलो तर एकटा.

आता परत त्या खोलीत चला. मी 'जयभीम' म्हणालो. बाहेर काँडोच्या पोहण्याच्या तलावात कुणीतरी सूर मारला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. साठे वहीतल्या खोडलेल्या शब्दाकडे बघत होते. शिर्के बुटांकडे. पहिल्या बोलल्या त्या वहिनी. ट्रे छातीशी धरून, नवऱ्याकडे वळून, अगदी खऱ्या काळजीने:

"अहो, पण आपला गणपती तर ह्यांनीच बसवला होता."