निळी दिसली की बाद

वेधशाळेच्या कचेरीत त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, आणि बाईंना ते आवडायचंही. दुर्बिणीतून आलेल्या ढीगभर चित्रांतली कामाची ठेवायची, बिनकामाची काढून टाकायची, हा त्यांचा उद्योग. विषय एकच: दीर्घिकांचे थवे, आणि प्रत्येक थव्याच्या मधोमध बसलेली थोरली दीर्घिका. घरातली मोठी बाईच म्हणा ना. सगळे तिच्याभोवती, आणि ती आपली जुन्या ताऱ्यांच्या तांबूस उजेडात गप्प. तिथे आता नवे तारे जन्मत नाहीत, असंच सगळे धरून चालत. भोवती वायू मुबलक, पण मधलं कृष्णविवर तो तापवत राहतं, आणि गार झाल्याशिवाय वायूचा तारा होत नाही.

नवे तारे झळकतात निळे. म्हणून बाईंचा नियम सरळ: मधली दीर्घिका निळी दिसली की बाद. दुसरीच कुठली तरी तरणी मध्ये कडमडली असेल, दुर्बिणीचा नेम चुकला असेल. हाताखालची मंडळी कुरकुरली तर बाई म्हणत, "म्हातारीच्या घरी कसला पाळणा?" सगळे हसत, आणि चित्र बाद.

बाईंना वाढवलं ते त्यांच्या ताईनं. आई लवकर गेली. ताई चुलीपाशी राहिली म्हणून धाकटी शिकली. पुढे ताईची लेकरंही मार्गी लागली. साठीला आलेली ताई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली की तलावावर बायकांना पोहायला शिकवतात, मला शिकायचंय, तू येतेस का सोबतीला? बाईंना हसूच फुटलं.

"ताई, या वयात?"

ताईही हसली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

बाई निवृत्तीला आल्या तेव्हा एका नव्या संशोधक मुलीनं ती बाद चित्रं उकरून काढली आणि त्यातल्या एकेका दीर्घिकेचा प्रकाश रंगारंगांत फोडून पाहिला. काही खरंच चुकीच्या निघाल्या. पण बाकीच्या त्याच थोरल्या होत्या, आणि त्यांच्या पोटात गार झालेल्या वायूतून नवे तारे जन्मत होते. सुक्याबरोबर ओलंही जळालं होतं, आणि काडी लावली होती बाईंनी. चुका काय, सगळ्यांच्याच होतात. पण इतक्या वर्षांत एकदाही परत बघावंसं वाटू नये? खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना भाजी निवडता निवडता विचारणारी ताई आठवली.

बाई कचेरीतून थेट ताईकडे गेल्या. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! ताई खिडकीशी बसली होती, चालताना आधाराला धरायची चौकट हाताशी.

"ताई, तलावावर जाऊ या. मी येते सोबत."

ताईनं त्यांना कपाटाचा खालचा कप्पा उघडायला लावला. आत पोहण्याचा पोशाख होता, नवाकोरा, किमतीच्या चिठ्ठीसकट. तुला विचारायच्या आधीच आणला होता, असं तिनं अगदी सहज सांगितलं. बाई तिच्या पायाशी बसल्या. माझं चुकलं गं, म्हणाल्या.

ताईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तेव्हा माझे गुडघे चांगले होते गं," ती म्हणाली, आणि पोशाख पुन्हा नीट घडी घालून ठेवायला सांगितला.